दलालाशिवाय घर विकायचंय? जाहिरात टाकण्याआधी ही कामं करा

परभणीत बसमत रोड, जिंतूर रोड किंवा गंगाखेड रोडच्या कॉलन्यांमधून फिरताना काही घरांच्या फाटकावर 'घर विकणे आहे' अशी पाटी दिसते. मुलं नोकरीसाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेलेली असतात. आई-वडील थकलेले असतात किंवा हयात नसतात. घर विकायचं ठरतं आणि पहिला फोन जातो तो दलालाला.

दलालीचा दर ठरलेला नसतो. साधारणपणे तो व्यवहाराच्या १ ते २ टक्के असतो आणि अनेकदा दोन्ही बाजूंकडून घेतला जातो. ४० लाखांच्या घरावर २ टक्के म्हणजे एका बाजूचे ८० हजार रुपये. त्यामुळे बरेच जण विचारतात, की घरमालकाला स्वतःच घर विकता येतं का?

येतं. पण बहुतेक जण सुरुवात चुकीच्या टोकाकडून करतात. आधी फेसबुकवर जाहिरात टाकतात, ग्राहक येतो, इसार घेतला जातो आणि मग कागद शोधायला सुरुवात होते. तिथेच व्यवहार अडकतो. दलालाशिवाय घर विकायचं असेल, तर कागद आधी आणि जाहिरात नंतर, हा क्रम पाळावा लागतो. तो कसा, ते समजून घेऊया.

कायद्याने मध्यस्थ लागतो का?

नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. दुय्यम निबंधक कार्यालयात विकणारा, घेणारा आणि त्यांना ओळखणारे साक्षीदार लागतात. मध्यस्थाच्या सहीची गरज कुठेच नसते.

मग महारेराचं काय? महाराष्ट्रात महारेराचं काम मे २०१७ पासून सुरू झालं. एजंटने महारेराकडे नोंदणी करण्याचं बंधन आहे, पण ते महारेरात नोंदणी झालेल्या प्रकल्पांमधली घरं-प्लॉट विकण्यासाठी. २० वर्षांपूर्वी बांधलेलं स्वतंत्र घर मालक विकत असेल, तर तो व्यवहार या चौकटीत येत नाही.

पहिलं काम: घर नेमकं कुणाच्या नावावर आहे?

घर वडिलांच्या नावावर आहे आणि वडील हयात नाहीत, ही सगळ्यात जास्त आढळणारी परिस्थिती. अशा वेळी घरात राहणारा मुलगा एकटा घर विकू शकत नाही.

हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल, तर वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, या सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. ही तरतूद ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. मुस्लीम कुटुंबांत वाटे वेगळ्या नियमाने ठरतात, पण मुलीचा हिस्सा तिथेही असतोच.

म्हणजे लग्न होऊन सेलूला किंवा नांदेडला गेलेल्या बहिणीची सही लागते. ती आपला हिस्सा सोडणार असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत हवं. कोऱ्या कागदावरची संमती चालत नाही. सातबाऱ्यावर किंवा कर उताऱ्यावर एकाच भावाचं नाव लागलं म्हणून तो एकटा मालक ठरत नाही. या नोंदी महसूल आणि कराच्या कामासाठी असतात.

त्यामुळे जाहिरातीआधी सगळ्या वारसांनी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: किमान किंमत किती, पैसे कसे वाटायचे आणि ग्राहकाशी बोलणार कोण. परगावी राहणाऱ्या वारसाला येणं शक्य नसेल, तर तो नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र देऊ शकतो.

दुसरं काम: घराखालच्या जागेचा कागद कोणता आहे?

परभणी जिल्ह्यात हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण एकाच शहरात वेगवेगळ्या प्रकारच्या कागदांवरची घरं शेजारी शेजारी उभी असतात.

१. सिटी सर्व्हे झालेला भाग: इथे मिळकत पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड असतं. ते महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीसह मिळतं.

२. अकृषिक म्हणजे एनए प्लॉट: एनए आदेश, मंजूर रेखांकन, सातबारा आणि आधीचं खरेदीखत लागतं. बांधकाम परवाना असेल तर तोही जोडावा.

३. गावठाणातलं घर: खेडेगावात बहुतेकांकडे फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावाची पत्रिका तयार झाली आहे का, हे भूमी अभिलेख कार्यालयात विचारता येतं.

४. बाँडवर घेतलेला प्लॉट: शेताचे तुकडे पाडून १०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून विकलेले प्लॉट बऱ्याच शहरांच्या कडेला आहेत. असा कागद म्हणजे खरेदीखत नव्हे. मुखत्यारपत्र आणि करारनाम्यावर झालेली विक्री म्हणजे मालकीचं हस्तांतरण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ ला सूरज लॅम्प खटल्यात सांगितलं आहे. अशा प्लॉटसाठी गुंठेवारी कायदा, २००१ आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी बांधकामं नियमित करण्याची मुभा मिळाली. महापालिका किंवा नगरपालिकेकडून नियमितीकरणाचं प्रमाणपत्र मिळालं असेल, तर बँकेकडून कर्ज मिळवणं ग्राहकाला सोपं जातं.

५. वर्ग २ आणि इनाम जमीन: १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातल्या इनामांचे शेरे आजही अनेक सातबाऱ्यांवर आहेत. 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जागा विकता येत नाही. देवस्थान इनाम किंवा वक्फ अशी नोंद असेल, तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय जाहिरात टाकूच नये.

घर फ्लॅट असेल, तर ते सोसायटीत आहे की अपार्टमेंटच्या नोंदणीखाली, हे आधी पाहावं. सोसायटीत शेअर सर्टिफिकेट असतं, अपार्टमेंटमध्ये डीड ऑफ अपार्टमेंट.

तिसरं काम: बोजा आणि थकबाकी

मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि महावितरणचं बिल विक्रीच्या दिवसापर्यंत भरणं ही साधारणपणे विकणाऱ्याची जबाबदारी असते. घरावर बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज होतं आणि ते फेडलं असेल, तर फक्त 'नो ड्यूज' पत्र पुरेसं नाही. नोंदीवरचा बोजाही कमी करून घ्यावा लागतो.

यासाठी ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून तयार करून घ्यावा. ग्राहक बँकेचं कर्ज घेणार असेल, तर बँकेचा वकील हीच तपासणी करणार असतो. विकणाऱ्याने ती आधीच केली असेल, तर अडचण ग्राहकासमोर उघडी पडण्याऐवजी आधीच दूर करता येते. वकिलाची फी हा खर्च वाचवण्यासारखा नाही. दलालीत वाचणाऱ्या पैशातला थोडा भाग इथे घालणं शहाणपणाचं.

किंमत कशी ठरवायची?

'शेजारच्याचं ५५ लाखाला गेलं' हे वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकू येतं. खरा आकडा शोधण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरचा ई-सर्च. मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांत २००२ पासूनच्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, तिथे मोफत पाहता येते. आपल्या भागात अलीकडे झालेल्या चार-पाच व्यवहारांची नोंदलेली रक्कम आणि क्षेत्रफळ पाहिलं की अंदाज येतो.

दुसरा मार्ग म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर, म्हणजेच रेडी रेकनर. हा दर चौरस मीटरमध्ये असतो. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. म्हणजे ३० बाय ४० चा १,२०० चौरस फुटांचा प्लॉट साधारण १११.५ चौरस मीटर होतो.

रेडी रेकनर पाहणं विकणाऱ्याच्याही फायद्याचं असतं. व्यवहाराची रक्कम सरकारी मूल्यापेक्षा कमी असेल, तर मुद्रांक शुल्क सरकारी मूल्यावरच लागतं. शिवाय सरकारी मूल्य व्यवहाराच्या रकमेच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल, तर आयकरासाठीही सरकारी मूल्यच विक्रीची किंमत धरली जाते. समजा, घर ४० लाखांना विकलं आणि सरकारी मूल्य ४६ लाख आहे. ११० टक्क्यांची मर्यादा ४४ लाखांवर संपते. म्हणून विकणाऱ्याला ४६ लाख मिळाले असं मानून कर मोजला जाईल आणि घेणाऱ्यालाही फरकाच्या ६ लाखांवर कर लागू शकेल.

आता जाहिरात

कागद हातात आले की जाहिरात टाकायला हरकत नाही. चांगल्या जाहिरातीत ग्राहकाचे पहिले दहा प्रश्न आधीच सुटलेले असतात. परभणीत हे प्रश्न साधारण ठरलेले आहेत: नळाला पाणी किती दिवसांनी येतं? बोअरचं पाणी उन्हाळ्यात टिकतं का? एनए आहे की गुंठेवारी? रस्ता किती फुटांचा? घराचं तोंड कुठे?

नमुना असा असू शकतो:

'घर विकणे आहे. परभणी, बसमत रोड परिसर. स्वतंत्र घर, प्लॉट ३० बाय ४० (१,२०० चौरस फूट), बांधकाम ८०० चौरस फूट, २००८ चं. हॉल, किचन, दोन बेडरूम. पूर्वमुखी, समोर २० फुटी रस्ता. नळ कनेक्शन आणि बोअर. एनए प्लॉट, बांधकाम परवाना आहे, कर्ज नाही. अपेक्षित किंमत ४० लाख. कागदपत्रं प्रत्यक्ष भेटीत दाखवली जातील. थेट मालक.'

यात 'अर्जंट', 'सुवर्णसंधी' असे शब्द नाहीत. 'अर्जंट' लिहिलं की ग्राहक किंमत पाडूनच बोलायला सुरुवात करतो. घरात दोष असेल, उदाहरणार्थ स्लॅब गळत असेल, तर तो लपवू नये. सहज न दिसणारे महत्त्वाचे दोष ग्राहकाला सांगणं कायद्यानेही विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

फोटो सकाळच्या उजेडात काढावेत. घराचं तोंड, समोरचा रस्ता, स्वयंपाकघर, गच्ची आणि पाण्याची टाकी दिसली पाहिजे. घरातली माणसं, कपाटं, गाडीचा नंबर आणि कुलपाची जागा दिसता कामा नये.

जाहिरात कुठे द्यायची? ९९एकर्स, मॅजिकब्रिक्स, ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस हे पर्याय आहेतच. पण लहान शहरात फाटकावरची पाटी, स्थानिक दैनिकातली छोटी जाहिरात आणि गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा मेसेज यांचाही चांगला उपयोग होतो. मुलांच्या शिक्षणासाठी पालम, सोनपेठ किंवा जिंतूर तालुक्यातून शहरात घर शोधणारं कुटुंब पोर्टलवर असेलच असं नाही, पण ते नातेवाइकांना विचारतंच.

कोणत्या मेसेजपासून सावध राहायचं?

घरमालकाचा नंबर उघड झाला की फसवणारेही फोन करतात. एक पद्धत देशभर वापरली गेली आहे. समोरचा स्वतःला लष्करात किंवा निमलष्करी दलात असल्याचं सांगतो, घर न पाहताच पसंत करतो आणि 'टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा' म्हणतो. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी.

खरेदीखत, आधार आणि पॅनचे फोटो अनोळखी माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नयेत. आधार द्यावंच लागलं तर 'मास्क्ड आधार' द्यावं, त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. जुन्या खरेदीखतावर अंगठ्याचे ठसे असतात. ठसे झाकून फक्त आवश्यक पानं दाखवावीत. मूळ कागद तर नोंदणीच्या दिवसापर्यंत कुणाच्याही हातात देऊ नयेत.

इसार, साठेखत आणि रोख रक्कम

सौदा तोंडी ठरला की इसार घेतला जातो. इथे आयकर कायद्याचा एक नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. १ जून २०१५ पासून हा नियम आहे आणि तो मोडला तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. दंड रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला बसतो. नंतर व्यवहार फिसकटला तरी नियम लागू राहतो. म्हणून इसार चेकने किंवा बँक खात्यातच घ्यावा.

इसारपावतीत चार गोष्टी लिहाव्यात: एकूण किंमत, उरलेली रक्कम देण्याची तारीख, ग्राहकाचं कर्ज मंजूर झालं नाही तर इसाराचं काय होणार आणि ताबा कधी देणार. मुदत घालायला विसरू नये. मुदत नसलेला सौदा वर्षभर लोंबकळतो आणि दुसरा ग्राहकही हातचा जातो. पूर्ण पैसे मिळण्याआधी ताबा देऊ नये. ताबा देणाऱ्या साठेखतावर खरेदीखताइतकंच मुद्रांक शुल्क लागतं, हेही लक्षात ठेवावं.

नोंदणीचा खर्च किती आणि कुणाचा?

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी साधारणपणे घेणारा भरतो. परभणी शहरात महानगरपालिका आहे. अशा शहरी हद्दीत मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि स्थानिक अधिभार १ टक्का असतो. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये. म्हणजे ४० लाखांच्या घरावर शुल्क २ लाख ४० हजार आणि फी ३० हजार रुपये होते. निवासी घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे या उदाहरणात ४० हजार रुपये वाचतात. ग्राहकाला ही सवलत माहीत नसेल, तर विकणाऱ्याने जरूर सांगावी. काही वेळा अडलेला सौदा तेवढ्यावर जमतो.

खरेदीखतावर सह्या झाल्यापासून ४ महिन्यांत ते नोंदणीसाठी सादर करावं लागतं. सही करण्याआधी उरलेली रक्कम खात्यात जमा झाली आहे का, किंवा बँकेचा डिमांड ड्राफ्ट हातात आहे का, हे पाहावं. नोंदणीनंतर फेरफार, कर उतारा आणि वीजमीटरवरचं नाव बदललं गेलं का, याचाही पाठपुरावा करावा. मीटर जुन्याच नावावर राहिलं, तर थकबाकीची नोटीस जुन्या मालकाच्या नावाने येते.

विक्रीनंतर कर किती?

घर २ वर्षांहून जास्त काळ मालकीचं असेल, तर नफा दीर्घकालीन भांडवली नफा ठरतो. त्यावर १२.५ टक्के कर आहे. घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल, तर महागाई निर्देशांकाचा फायदा घेऊन २० टक्क्यांनी हिशेब करण्याचा पर्यायही निवासी भारतीयांना आहे. दोन्ही हिशेब करून कमी कर येईल तो पर्याय निवडता येतो. विक्रीनंतर २ वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा ३ वर्षांत बांधलं, तर घरात गुंतवलेल्या नफ्यावर सूट मिळते. व्यवहार ५० लाख किंवा जास्त असेल, तर ग्राहक १ टक्का टीडीएस कापतो. विवरणपत्र भरताना ती रक्कम हिशेबात धरली जाते.

मग दलाल कधी उपयोगी पडतो?

मालक परगावी असेल, घर दाखवायला गावात कुणीच नसेल किंवा सहा महिने जाहिरात देऊनही ग्राहक फिरकत नसेल, तर दलालाची मदत घेण्यात गैर काही नाही. फक्त दलाली किती, कुणाकडून आणि कधी द्यायची, हे आधीच लिहून घ्यावं. खरेदीखत नोंदल्यावरच दलाली, ही अट दोघांनाही सोयीची असते.

मात्र दलाल ग्राहक आणू शकतो, बहिणीची सही आणू शकत नाही. बाँडचा कागद खरेदीखत करू शकत नाही आणि वर्ग २ चा शेरा पुसू शकत नाही. ती कामं मालकालाच करावी लागतात. ती आधी झाली असतील, तर उरतं ते ग्राहक शोधणं आणि घर दाखवणं. ते काम बहुतेक घरमालकांना स्वतः जमण्यासारखं आहे.